गुलाबबाई ते कमलादेवी : कोल्हापूरच्या मूकपटसृष्टीतील अभिनेत्रीचे स्थान

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट प्रथम दाखविण्यात आला. या घटनेचा इतिहास सांगताना सामान्यतः तीन गोष्टींचा उल्लेख होतो : बाबूराव पेंटर यांनी स्वहस्ते तयार केलेला कॅमेरा, पडदे रंगविणाऱ्या चित्रकाराची दृष्टी, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना दिलेली ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी. तिन्ही गोष्टी यथार्थ आहेत. तथापि ज्या चित्रपटाचे नावच एका स्त्रीपात्रावरून ठेवलेले होते, त्यात स्त्रियांची कामे कोणी केली, त्या कोणत्या परिस्थितीतून आल्या आणि त्या कामाची किंमत त्यांना कोणत्या स्वरूपात मोजावी लागली, हा प्रश्न या गौरवगाथेत बहुधा मागे पडतो. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशी त्या दोघींची नावे. प्रेक्षकांपुढे त्या अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी आल्या. या दोघींपैकी कमलादेवी यांची कारकीर्द सैरंध्रीनंतरही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या महत्त्वाच्या चित्रपटांतून आढळत असल्यामुळे, मूकपटकालीन अभिनेत्रीच्या स्थितीचा विचार करण्यास ती विशेष उपयोगी पडते.

स्त्रीभूमिकेचा प्रश्न

भारतीय चित्रपटाच्या आरंभी स्त्रीभूमिका हा कलेइतकाच सामाजिक अडचणीचा प्रश्न होता. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) नटी मिळविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांकडेही त्यांनी विचारणा केली. परंतु त्यांच्यापैकीही कोणी तयार झाले नाही. अखेरीस मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला तारामतीची भूमिका देण्यात आली. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात याच साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. समाजाने ज्यांना आधीच प्रतिष्ठेबाहेर ठेवले होते, त्या स्त्रियांनादेखील चित्रपटात काम करणे कमीपणाचे वाटावे, या विरोधाचा उलगडा होणे आवश्यक आहे.

त्यासाठी त्या काळी स्त्रीला कलावंत म्हणून उपलब्ध असलेल्या अन्य क्षेत्रांशी चित्रपटाची तुलना करावी लागते. गायिकेच्या बैठकीला घराण्याची तालीम, गुरूची परंपरा आणि जाणत्या श्रोत्यांची मर्यादा असे. श्रोता समोर बसलेला असे, आणि त्याने कोठे बसावे, केव्हा दाद द्यावी, याचे संकेत ठरलेले असत. तमाशाच्या फडात पठ्ठे बापूरावांबरोबर पवळाबाई उभी राहिली, तेव्हा तिच्या पाठीशीही फडाचे संघटन आणि लावणीची रूढ परंपरा होती. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी ही प्रथा सौंदर्याच्या इतक्या उंचीवर नेली होती की, स्त्रीच्या अभावी कराव्या लागणाऱ्या तडजोडीला तीमुळे कलामूल्य प्राप्त झाले. केवळ स्त्रियांच्या अशा काही नाटकमंडळ्याही महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर होत्या. परंतु स्त्रीपुरुषांच्या मिश्र मंडळीला प्रतिष्ठित प्रेक्षकांची मान्यता नव्हती.

चित्रपटाला यांपैकी कोणतीही परंपरा नव्हती. येथे तालीम देणारे घराणे नव्हते व रक्षण करणारा फड नव्हता. भरदिवसा, परक्या पुरुषांच्या घोळक्यात, यंत्रासमोर उभे राहावयाचे. आणि त्या यंत्राने टिपलेली प्रतिमा आपल्या नकळत अनोळखी गावी, अनोळखी लोकांपुढे पुनःपुन्हा दाखविली जावयाची. बैठकीतील गायिका आपल्या श्रोत्याला पाहू शकत असे, नको असलेल्या श्रोत्यापुढे न गाण्याचे स्वातंत्र्यही तिला काही प्रमाणात होते. पडद्यावरील स्त्रीला तो अधिकार राहिला नाही. नव्या माध्यमाविषयीच्या भयाचे मूळ नीतिविषयक कल्पनांत जसे होते, तसे ते कलावंत व प्रेक्षक यांच्यातील या बदललेल्या संबंधातही होते.

फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि भारतीय चित्रपटात प्रथमच स्त्रिया आल्या. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी उपजीविकेसाठी फिरत्या नाटकमंडळीचा आश्रय घेतला होता. कमलाबाई (पुढे गोखले) बालपणापासून रंगभूमीवर वावरलेल्या होत्या. नामसादृश्यामुळे या कमलाबाई व कोल्हापूरच्या कमलादेवी यांची गल्लत होण्याचा संभव असतो. त्या दोन भिन्न व्यक्ती होत.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात या प्रश्नाला आणखी एक परिमाण होते. शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे गायन, मल्लविद्या, नाट्य व चित्रकला यांचा तेथे एकत्र उत्कर्ष झाला होता. उस्ताद अल्लादियाखाँ दरबारी गायक होते. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हे याच नगरीचे. आनंदराव पेंटर व त्यांचे बंधू बाबूराव (मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, १८९०–१९५४) हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यात ख्यातनाम होते. आनंदराव १९१६ साली निवर्तले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध करण्याचे काम तडीस नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची उभारणी केली.

या कंपनीच्या भांडवलाचा प्रश्न सुटला तो तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या कर्जामुळे. ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते खरी, परंतु तिचा अर्थ क्वचितच लक्षात घेतला जातो. जे भांडवल सरदार-सावकारांकडून सहज उभे राहिले नाही, ते एका कलावतीने आपल्या गळ्यावर मिळविलेल्या द्रव्यातून उभे राहिले. म्हणजे कोल्हापूरचा चित्रपट, कॅमेऱ्यासमोर एखादी स्त्री उभी राहण्यापूर्वीच, एका स्त्रीच्या कलेवर आधारलेला होता.

१९२० हे वर्ष संस्थानाच्या सामाजिक इतिहासातही स्मरणीय आहे. याच वर्षी शाहू महाराजांनी देवतेला मुली वाहण्याच्या, म्हणजे जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेला आळा घालणारा कायदा केला. रूढीने स्त्रीला दिलेले एक बंधन कायद्याने तोडण्याचा प्रयत्न होत असतानाच, त्याच नगरीत दोन स्त्रिया रूढीने आखलेल्या मर्यादेबाहेर स्वतः पाऊल टाकीत होत्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि एकाच समाजात सुधारणेचा कायदा आणि बहिष्काराची रूढी या दोहोंचा अंमल एकाच वेळी कसा चालतो, हे त्यांवरून दिसून येते.

बहिष्कार आणि नामांतर

गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी सैरंध्रीत काम करण्याचे मान्य केले, तेव्हा त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. राहत्या वस्तीत थारा न उरल्यामुळे त्यांना कंपनीच्या आवारातच आश्रय घ्यावा लागला. स्टुडिओ हेच त्यांचे कामाचे ठिकाण आणि तेच त्यांचे घर झाले. हा आश्रय उपकारक होता यात शंका नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्या नटाला कंपनी सोडल्यावर परत जाण्यास घर असते, तो आपल्या अटी सांगू शकतो. जिला कंपनीबाहेर जागाच उरलेली नाही, तिचे स्वातंत्र्य त्या मानाने मर्यादित राहते. पुढे चित्रपटसंस्थांत नटनटींना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. या दोघींच्या बाबतीत ते काम बहिष्कारानेच केले होते.

त्यांच्या नामांतराचाही याच संदर्भात विचार करावयास हवा. ‘बाई’ हा प्रत्यय महाराष्ट्रात आदरार्थी आहे. घरंदाज स्त्रीच्या नावापुढे तो लागतो, तसाच गायिकेच्या नावापुढेही लागतो. मात्र आडनाव नसलेल्या नावाला जेव्हा तो जाहिरातीत लागतो, तेव्हा वाचकाचे लक्ष साहजिकच बैठकीकडे जाते. ‘कमला’ व ‘सुशीला’ ही नावे आणि त्यांना जोडलेला ‘देवी’ हा प्रत्यय संस्कृतप्रचुर, पौराणिक कथेला साजेसा आणि मुख्य म्हणजे कोणत्याही घराचा, जातीचा वा गावाचा पत्ता न देणारा होता. या नामांतरामुळे प्रेक्षकाला द्रौपदीची कथा निःशंक मनाने पाहण्याची सोय झाली. गुलाबबाईंना मात्र त्यामुळे आपल्या यशावर स्वतःचे नाव घालता आले नाही.

ही पद्धत कोल्हापुरापुरती नव्हती. मुंबईच्या मूकपटांत रूबी मायर्स ‘सुलोचना’ झाल्या. हिमांशु राय यांच्या चित्रपटात रेने स्मिथ ‘सीतादेवी’ झाल्या. तेथे नव्या नावाने परका धर्म व परकी भाषा झाकली, तर कोल्हापुरात त्याने घराणे झाकले. विराटाच्या राजवाड्यात द्रौपदी परक्या नावाने दासी होऊन राहते, हे सैरंध्रीचे कथानक. त्या कथानकातील अज्ञातवासाला ठरावीक मुदत होती. अभिनेत्रीच्या अज्ञातवासाला तशी मुदत नव्हती.

कमलादेवींचे चित्रपट व अभिनयाचे स्वरूप

सैरंध्रीनंतर ‘सुरेखाहरण’ (१९२१), ‘सिंहगड’ (१९२३) व ‘सावकारी पाश’ (१९२५) या चित्रपटांत कमलादेवींनी कामे केली. या चारही चित्रपटांचा क्रम पाहिला असता मराठी मूकपटाच्या वाढीचा जणू आलेखच हाती येतो. पहिले दोन पौराणिक, तिसरा ऐतिहासिक आणि चौथा सामाजिक. झुंझारराव पवार, बाळासाहेब यादव आदी नटांबरोबर कमलादेवींचे नाव या साऱ्या टप्प्यांत येते. सुरेखाहरणात व्ही. शांताराम या तरुणाने पडद्यावर प्रथम पाऊल टाकले आणि सावकारी पाशात तोच तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत आला. त्याचे पुढील चरित्र सर्वश्रुत आहे. त्याच कंपनीत, त्याच वर्षांत काम करणाऱ्या अभिनेत्रीचे चरित्र मात्र त्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीपलीकडे फारसे पोचले नाही.

या तीन प्रकारांनी अभिनेत्रीकडून केलेली अपेक्षा एकसारखी नव्हती. पौराणिक चित्रपटात कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असे. तेथे ओळखीच्या मुद्रा, ठसठशीत हावभाव आणि चित्रासारखी स्थिर उभी राहण्याची शैली पुरेशी होई. सैरंध्रीतील कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी उतरले की त्यावर आक्षेप घेण्यात आले व सेन्सॉरची कात्री चालली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली आलेली बंदी ज्यांच्या स्मरणात होती, त्यांना या कथेतील राजकीय सूचना सांगावी लागत नव्हती. अपमानित द्रौपदी ही त्या काळच्या प्रेक्षकाला परवश देशाची मूर्ती वाटे. म्हणजे जिला तिच्या समाजाने वाळीत टाकले, अशा स्त्रीच्या कामावर राष्ट्राच्या शीलाची कथा उभी राहिली होती.

‘सिंहगड’ हा हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला. त्यात कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने रात्रीची दृश्ये घेण्यात आली, आणि स्वतः बाबूराव पेंटर शिवाजी महाराजांच्या भूमिकेत होते. ‘सावकारी पाश’ मात्र सर्वस्वी निराळ्या जातीचा. नारायण हरी आपटे यांच्या कथेतील कर्जबाजारी शेतकरी, त्याची गेलेली जमीन आणि गिरणीच्या शहराकडे झालेले त्याचे स्थलांतर यांचे चित्रण करताना अलंकार, मुकुट व राजवाडे यांचा आधार उरला नाही. येथे नटनटींना रोजच्या पाहण्यातील माणसांसारखे वागावे लागले. पौराणिक मुद्रांत तयार झालेल्या कलावंतांना हे स्थित्यंतर अवघ्या पाच वर्षांत करावे लागले, ही गोष्ट त्या काळच्या अभिनयाविषयी सरसकट ‘अतिरंजित’ असा शेरा मारणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

मूकपटाच्या अभिनयाचे काही नियम यंत्रानेच ठरविलेले होते. त्या काळच्या फिल्मवर लाल रंगाचा परिणाम होत नसे. ओठांची लाली काळी उमटे आणि निळे डोळे किंवा निळे आकाश फिकट दिसे. म्हणून चेहऱ्याची रंगभूषा नाटकाच्या रंगभूषेहून निराळी करावी लागे. कॅमेरा हाताने फिरविला जाई, त्यामुळे चित्रणाची गती फिरविणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे आणि हालचालींचा वेग त्या बेताने राखावा लागे. प्रकाशाची मुख्य भिस्त सूर्यावर असे. उन्हात परावर्तकांच्या झगझगाटासमोर डोळे न मिटता उभे राहणे हीसुद्धा एक साधना होती. संवाद नसल्यामुळे चित्रण चालू असताना दिग्दर्शकाला मोठ्याने सूचना देता येत. बाबूराव चित्रकार असल्यामुळे वेषभूषेची व दृश्याची रेखाटने ते आधी करीत आणि रंगविलेल्या पडद्यांऐवजी घनाकृती देखावे उभारीत. अशा चौकटीत अभिनेत्रीला चित्रातील आकृतीप्रमाणे आपली जागा व रेषा सांभाळावी लागे. बैठकीत किंवा फडावर मिळवलेले कौशल्य, म्हणजे नजरेचा वापर, हातांची लय आणि शरीराचा तोल, येथे कामास येई. गळा मात्र निरुपयोगी ठरे.

बोलपट आणि प्रतिष्ठेचे स्थलांतर

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. तिच्या ‘गोपाळकृष्ण’ या पहिल्या मूकपटाच्या श्रेयनामावलीतही कमलादेवी हे नाव आढळते. जुन्या कंपनीतून नव्या कंपनीकडे अनुभवी कलावंत जात होते. अल्पावधीतच महाराष्ट्र फिल्म कंपनीचे काम थांबले.

याच सुमारास नटीच्या सामाजिक स्थानाचा प्रश्न सरकारी पातळीवर चर्चिला जाऊ लागला होता. १९२७ साली नेमलेल्या रंगाचारियर समितीने आपल्या १९२८ च्या अहवालात, बहुसंख्य अभिनेत्री नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या वर्गातून येतात आणि सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रिया या क्षेत्रापासून दूर राहतात, याची दखल घेतली. अहवालाच्या दृष्टीने हा धंद्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. ज्या स्त्रियांनी हा धंदा त्याच्या अप्रतिष्ठित काळात उभा केला, त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यात अध्याहृतच राहिला.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा कोल्हापुरात तयार झालेला बोलपट आला. त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. मुंबईच्या सुस्थित, सुशिक्षित घराण्यातील ही स्त्री आपल्या कुलनामासह पडद्यावर आली. वर्षभरापूर्वी एका चित्रपटातील त्यांच्या छोट्याशा भूमिकेच्या जाहिरातीत त्यांच्या माहेर-सासरच्या नावांचा उपयोग करून घेण्यात आला होता आणि त्यावरून त्यांनाही टीका सोसावी लागली होती. तारामती या एकाच भूमिकेच्या आधारे हा इतिहास मोजता येतो. १९१३ मध्ये ती एका पुरुषाने केली, कारण स्त्री मिळाली नाही. १९३२ मध्ये ती घरंदाज स्त्रीने स्वतःच्या नावाने केली. या १९ वर्षांच्या मधल्या अंतरात, स्त्री पडद्यावर येऊ शकते आणि प्रेक्षक तिला द्रौपदी म्हणून स्वीकारतो, हे ज्यांनी सिद्ध केले त्यांत कोल्हापूरच्या या दोन बहिष्कृत स्त्रियांची गणना करावी लागते.

प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया आल्यावर जुन्या कलावतींचा प्रश्न आपोआप सुटला, असे मात्र झाले नाही. कलावंतिणीच्या घराण्यातील रतन साळगावकर या मुलीने १९३६ साली बोलपटात प्रवेश केला, तेव्हा घरच्यांच्या हरकतीमुळे तिलाही नाव बदलावे लागले. सावंतवाडीवरून ‘वाडकर’ हे आडनाव घेऊन ती हंसा वाडकर झाली. दोन पिढ्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य स्वतःच्या शब्दांत सांगितले, ते ‘सांगत्ये ऐका’ या नावाने १९७० साली ग्रंथरूपाने आले आणि १९७७ च्या ‘भूमिका’ या हिंदी चित्रपटाला आधारभूत ठरले. बोलपटाने त्यांना आवाज दिला आणि त्या आवाजाला ग्रंथाचे स्थैर्य मिळाले.

समारोप

मूकपटकालीन अभिनेत्रीला हे भाग्य लाभले नाही. तिचा आवाज पडद्यावर उमटत नव्हता, आणि ज्या प्रतिमेत तिची कला साठविली होती ती फिल्मही टिकली नाही. नायट्रेटच्या ज्वालाग्राही पट्ट्या जळून, कुजून किंवा चांदी काढण्यासाठी वितळविल्या जाऊन नाहीशा झाल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर सैरंध्री, सिंहगड व सावकारी पाश यांच्या प्रती हाती लागण्याची वेळ निघून गेली होती. बाबूरावांची चित्रे आहेत, शांतारामांचे आत्मचरित्र आहे. कमलादेवींच्या बाबतीत मुख्यतः श्रेयनामावलीतील एक घेतलेले नाव उरले आहे.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने नामावलीकडे केवळ परिशिष्ट म्हणून पाहू नये. भांडवल देणारी गायिका, वाळीत पडून स्टुडिओत राहणारी नटी आणि तिच्यानंतर सन्मानाने आलेली कुलीन अभिनेत्री या तिघींना एका सूत्रात ठेवल्याशिवाय कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास पूर्ण होत नाही. कॅमेरा कोणी घडविला हे सांगताना, त्या कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यासाठी कोणी घर सोडले, हेही सांगितले पाहिजे. निदान यापुढे सैरंध्रीच्या नामावलीत कमलादेवी व सुशीलादेवी या नावांशेजारी गुलाबबाई व अनसूयाबाई ही नावे नियमाने लिहिली जावीत, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.